निलमच्या टोपलीचं पाणी

हिंगोली
६ एप्रिल २०२५

निलम,

तुझ्या मोबाईलमधून तू मला काढून टाकलंस, पण पोस्टमनला काढून टाकता येत नाही. म्हणून हे पत्र. पत्ता बानं दिला. आधी नाही म्हणाला, मग चहा पिता पिता आपणहून म्हणाला, "लिहून घे, पण मी दिला म्हनून सांगू नको." तेव्हा बानं दिला हे तू विसरून जा.

तांड्यावर हळद शिजवणं चालू आहे. मागच्या रविवारी मी आणि तुझे दाजी जाऊन आलो. बाचा सदरा, मिशा, विडीचं बंडल, सगळं पिवळं. मी म्हटलं, "बा, नवरदेव दिसून राहिलास." तो हसला. याडी हसली नाही. ती हळकुंडं निवडत बसली होती. तुझ्या धाकट्या लेकीचा फोन येतो का, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या बाला येतो. मला काहून येईल?" आणि सूप घेऊन उठून गेली.

आता कामाचं. पुण्यात तू त्या दवाखान्यात ओटीत काम करतेस, असं बा सगळ्यांना अभिमानानं सांगतो. त्याला ओटी म्हणजे नुसतं ऑपरेशन एवढंच कळतं. मला कळतं की तुला आत कधी घेतात. केस झाल्यावर घेतात. रक्ताची हत्यारं धुवायची, पुसायची, वाफेच्या मशीनला लावायची, फरशी पुसायची. हळूहळू शिकवू म्हणाले असतील. निलम, हे हळूहळू मी फार पाहिलंय. आमच्या दवाखान्यातल्या कमलबाईंना शिकवू म्हणणारे सर रिटायर होऊन गेले, कमलबाई अजून फरशीच पुसतात.

म्हणून थोरल्या बहिणीचं ऐक. नर्सिंगचा फॉर्म भर. मी केलं तेच, तीन वर्षांचं. इथे हिंगोलीत राहा, माझ्या घरी राहा, वरच्या खोलीत पंखा बसवून देते. तू म्हणशील, बाई, नर्सला ओटी मिळेलच असं कुठंय, वॉर्डात टाकतील, रात्रपाळीला टाकतील. बरोबर आहे. मलाही ओटी मिळाली ती मी मागितली म्हणून नाही, आधीच्या सिस्टरचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली म्हणून. पण मिळाली ना? नर्स झालीस की कुठेही भाकरी आहे. तुला व्हायचंय त्या टेक्निशियनला ओटी बंद झाली तर दुसरं काय? एवढा एकच दरवाजा कशाला धरून बसायचं?

हे सगळं मी मागच्या वर्षीही तुला सांगितलं होतं, हे मला आठवतं. तू तेव्हा ऐकलं नाहीस, आणि मग जे झालं ते झालं. त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही. झालेल्या गोष्टी उकरून काय मिळणार आहे?

नीट जेव. पुण्याची माणसं पोळीला तूप लावतात की नाही ते कळव.

तुझी बाई,
रीता


हिंगोली
२२ मे २०२५

निलम,

पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं. उत्तर आलं नाही, म्हणजे वाचलं. माझा हिशोब सोपा आहे.

इथे उन्हानं जीव नकोसा केलाय. ओटीतला एसी बिघडला होता, सर दोन केसच्या मध्ये टॉवेल ओला करून मानेवर टाकायचे आणि आम्हाला दम द्यायचे की हसू नका. मी मास्कच्या आत हसून घेतलं. मास्कचा तेवढा फायदा.

आज अपेंडिक्सची केस होती. औंढ्याच्या बाजूची पोरगी, तुझ्यासारखीच बारीक. कमरेत इंजेक्शन दिलेलं, जागीच होती. वरच्या दिव्याकडे टक लावून बघत होती आणि मला एकदम तू आठवलीस. तुझं अपेंडिक्स झालं तेव्हा तू अकरावीला होतीस. मी पोटापाशी उभी होते, हत्यारं देत होते, आणि मला वाटत होतं की माझी बहीण मला बघून धीर धरील. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. तुझ्या डोक्याशी भुलीच्या मशीनजवळ जो बाहेरून बोलावलेला टेक्निशियन उभा होता, तू त्याच्याशीच बोलत होतीस. हा आवाज कशाचा, ही रेघ खाली का गेली, ऑक्सिजन कुठून येतो. तो बिचारा सांगत होता. बाहेर आल्यावर शुद्धीत म्हणावं की गुंगीत, तू म्हणालीस, "बाई, मला तुझ्या जागी न्हाई, त्याच्या जागी उभं राहायचंय."

मला राग आला होता. आज लिहिते म्हणून लिहिते. घरात एक शिकलेली बहीण आहे, तिचं काम समोर दिसतंय, आणि पोरगी डोक्याशी उभ्या असलेल्या परक्या माणसावर भाळते. मी तेव्हा चेष्टा केली. तुला वाटलं चेष्टाच आहे.

मग बारावी झाली, तू तुझं तूच शोधलंस की ऑपरेशन थिएटरच्या टेक्निशियनची सरकारी कॉलेजात पदवी असते. फॉर्म भरलास, नांदेडला नाव लागलं. आणि कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख नेमकी तिजेच्या सणात, पोरींच्या टोपल्यांत गहू उगवायच्या दिवसांत आली.

एप्रिलमध्ये मी लिहिलं की उकरायचं नाही. आता उकरतेच आहे. तुझी गव्हाची टोपली तांड्याच्या नायकाच्या घरी मांडवावर होती. सगळ्या पोरींच्या टोपल्यांत तुझी सगळ्यात दाट उगवली होती, असं काकू अजून सांगतात. बा पिशवी भरून उंबऱ्यात उभा, तू चप्पल घालून तयार. आणि याडी म्हणाली, "टोपली पेरली त्या पोरीनंच पाणी घालावं लागतं. दुसऱ्याच्या हातचं चालत न्हाई. अर्ध्यात टाकून गेलीस तर तीज वाळंल, अन् वाळली तर घराला बरं नस्तं." तू माझ्याकडे बघितलंस. मी त्या दिवशी सुट्टी घेऊन आलेली, खाटेवर बसलेली, तोंडात चुरमा. तुला वाटलं बाई काहीतरी बोलेल.

मी बोलले. मी म्हणाले, "दोन दिवसांनी काय होतं? विसर्जन करून जा. थिएटर काय पळून जातंय?"

मला खरंच वाटलं होतं काही होत नाही. आमच्या दवाखान्यात सकाळचा पेशंट दुपारी येतो, रिपोर्ट उद्याचा परवा येतो, आणि सगळं सांभाळून घेतात. मला वाटलं जग असंच चालतं.

तू बासोबत विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला गेलीस आणि संध्याकाळी परत आलीस. तुझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. तू रडली नाहीस. रिकामी टोपली विहिरीवर धुतलीस, आढ्याला टांगलीस, आणि आठवड्याच्या आत पुण्याला निघून गेलीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. मला शिव्या घ्यायची सवय आहे, आमचे सर रोज देतात.

उत्तर नको देऊस. नर्सिंगच्या फॉर्मची तारीख जवळ येतेय, एवढंच.

रीता


हिंगोली
३ जुलै २०२५

निलम,

नर्सिंगचं मी आता म्हणणार नाही. का, ते सांगते.

आमच्याकडे नवीन मुलगी आली आहे. राणी नाव. नरसीची. तिचे वडील गवंडीकाम करतात, घरात पहिलीच शिकलेली. तुला हवी होती तीच पदवी करून आली आहे. सरांनी तिला भुलीच्या डॉक्टरांच्या हाताखाली ठेवली. मला वाटलं, चला, अजून एक पुस्तकी पोरगी, हिला घडवण्यात माझं वर्ष जाईल.

पहिल्या दिवशी ती सकाळी माझ्या आधी हजर. भुलीच्या मशीनच्या एकेक नळीला हात लावून बघत होती. मी म्हटलं, "काल संध्याकाळी तर बराबर चालली, आज काय झालं तिला?" ती म्हणाली, "ताई, काल चालली ते काल. आज पेशंट दुसरा हाय." मी कमलबाईंकडे बघून डोळा मारला. रोज हेच. रोज माझी चेष्टा, रोज तिची तपासणी. ती मनाला लावून घेत नाही, उलट माझ्या डब्यातली मिरचीची भाजी मागून खाते.

परवा एका बाईची केस चालू होती. मध्येच बाईचं बीपी खाली गेलं. मी अशा वेळी काय काढून द्यायचं ते झोपेतही देईन. मी दिलं. राणीनं तोवर टेबल पायाकडून वर केलं, सलाईन मोकळं केलं, डॉक्टरांनी बघायच्या आत त्यांना हवं होतं ते सगळं करून ठेवलं. बाई सावरली. नंतर चहा घेताना मी सहज म्हटलं, "तुला कसं कळलं आता बीपीच खाली जाणार?" ती सांगत बसली. कमरेत औषध दिलं की पायाकडच्या रक्तवाहिन्या कशा सैल पडतात, रक्त तिकडे कसं साचतं, त्याआधी नाडी काय सांगते. बिस्कीट चहात बुडवून बुडवून सांगत होती.

निलम, मी इतकी वर्षं ते इंजेक्शन काढून देतेय. का द्यायचं, हे मी एकदाही विचारलं नाही. सांगितलं ते केलं, हात बसला, लोक म्हणाले रीता सिस्टर हुशार आहे, आणि मीही तेच धरून बसले. माझं काम वाईट नाही. माझ्याशिवाय सरांचं पान हलत नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण तू डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारत होतीस, तेव्हा तुला हेच हवं होतं. आणि मला वाटलं तू माझ्या कामाला नाक मुरडतेस.

राणीला मी तुझ्याबद्दल सांगितलं. सगळं नाही. म्हटलं, माझी बहीणही हेच करणार होती, पण जमलं नाही. ती म्हणाली, "मंग यंदा करंल की. वय काय निघून गेलं का तिचं?" एवढं सोपं तिनं बोलून टाकलं.

यंदा तू फॉर्म भरलास का? नसेल भरला तर अजून दिवस आहेत का, ते राणीला विचारून मी कळवू शकते. भरायचा नसेल तरी कळव. मला शिव्या देऊन कळवलंस तरी चालेल.

तुझी,
रीता


हिंगोली
८ ऑगस्ट २०२५

निलम,

तू फॉर्म भरलास! आणि मला कोणी सांगितलं नाही.

जूनमध्ये बाच्या मोबाईलवर सारखे आकडे यायचे आणि तू फोन करून ते विचारून घ्यायचीस, हे मला आज कळलं. बाला वाटायचं बँकेचं काहीतरी आहे, पोरगी सांभाळतेय, आपण कशाला तोंड घाला. आज सकाळी इंग्रजीत मोठा मेसेज आला. तो घाबरून एसटीनं हिंगोलीला आला आणि ओटीच्या दारात मोबाईल धरून उभा राहिला. मी हात धुवून वर धरलेले, कशाला शिवता येत नाही. राणीनं वाचून दाखवला. तुझं नाव लागलंय. नांदेडच. मी तिथेच उभ्या उभ्या रडले, आणि मास्क ओला झाला म्हणून सरांच्या शिव्या खाल्ल्या.

बानं तुला फोन केला, तू फक्त "बघते" म्हणालीस. निलम, बघते म्हणू नकोस. हजर व्हायची शेवटची तारीख १४ ऑगस्ट आहे. तुझे सगळे मूळ कागद तांड्यावर ट्रंकेत आहेत, तू जाताना नेले नाहीस. कुरियरनं पाठवायला माझा जीव धजत नाही. म्हणून असं ठरवलंय: मी फाईल घेऊन १४ तारखेला सकाळीच नांदेडला कॉलेजच्या गेटवर उभी राहते. तू पुण्याहून थेट तिथे ये. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. फाईल घे आणि आत जा.

तीज यंदाही त्याच दिवसांत आली आहे. कालच टोपल्या पेरल्या. पण त्याचं तुला काही नाही.

सरांना सुट्टी सांगितली आहे. ते म्हणाले, त्या दिवशी चार केसेस आहेत. मी म्हटलं, असू देत.

ये.

रीता


नांदेड, बसस्थानक
१४ ऑगस्ट २०२५

निलम,

तू आलीस. आता तू वसतिगृहात असशील, ट्रंक नाही, गादी नाही, अंगावरच्या कपड्यांनी. मी हिंगोलीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलेय आणि तुला लिहितेय, कारण तोंडानं बोलायची वेळ होती तेव्हा माझी जीभ उचलली नाही.

मी सकाळपासून गेटवर होते. पुण्याच्या गाड्या येत गेल्या, पोरी त्यांच्या बापांबरोबर येत गेल्या. दुपार झाली तेव्हा वॉचमन म्हणाला, "दीदी, पांच बजे बंद हो जाता है." मी पुन्हा रस्त्यावर जाऊन रिक्षा बघायला लागले. मग तू रिक्षातून उतरलीस. किती वाळलीस गं. मी पुढे झाले तर तू हात पुढे केलास, माझ्यासाठी नाही, फाईलसाठी. तुझी बोटं बघितली. औषधाच्या पाण्यानं सालपटं निघाली आहेत. तू एकेक कागद काढून तपासलास, माझ्यावर भरवसा नसल्यासारखं. बरं केलंस. आणि आत गेलीस.

बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात प्रवेशाची पावती होती. मी पळसाच्या पानात बांधलेलं पुडकं तुझ्यापुढे धरलं.

"हे काय?"

"तुझी तीज. यंदा तुझ्या नावाची टोपली पेरलीय."

तू पुडकं सोडलंस. पिवळे कोंब अजून ताठ होते.

"मी तर तिथं नव्हते. पाणी कोणी घातलं?"

"प्रेमदासकाकाच्या धाकटीनं."

"अन् वाळली न्हाई?"

"न्हाई."

तू कोंबांवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "मंग मागल्या साली माझ्या टोपलीला कोणी पाणी घातलं असतं, तर चाललं असतं का?"

आणि मी म्हणाले, "माझ्या गाडीची वेळ झाली."

गाडीची वेळ झाली नव्हती. तुलाही ते माहीत होतं. तू पुडकं पुन्हा बांधलंस, गेटजवळच्या बाकावर ठेवलंस आणि वसतिगृहाकडे चालू लागलीस. मी हाक मारली नाही.

आता ऐक. परवा मी फाईल आणायला तांड्यावर गेले होते. याडी घरात नव्हती. नायकाच्या मांडवात होती, पोरी पाणी घालत होत्या, गाणं चाललं होतं, आणि याडी एका टोपलीजवळ खाली बसलेली. काकाची धाकटी आधी स्वतःच्या टोपलीला पाणी घाले, मग त्या टोपलीला. मी विचारलं ही कोणाची. नायकण धुरपताबाई म्हणाली, "तुझ्या निलमची. तुझ्या याडीनं माझ्याकडून मागून घेतली." मला कळेना. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही ना?" धुरपताबाई हसायला लागली. "कोण म्हनलं? पोरगी सासरी गेली, आजारी पडली, तर तिची मैतरीन घालते. आमच्या टायमापासून तसंच हाय."

मी याडीकडे बघितलं. ती आपल्या बोलीत बोलली, मी तुला मराठीत लिहितेय, नाहीतर मला लिहवणार नाही.

ती म्हणाली, "मीच म्हनलं व्हतं पान्याचं. तू शिकायला गेलीस तवा मला वाटलं, येशील. आलीस, पन पाहुनी म्हून. सनाला येती, खाती, जाती. ही बी चालली व्हती. म्हनलं तीज हाय तवर तरी ऱ्हाऊ दे. दोन रोज माझ्याजवळ झोपंल. तू तर म्हनलीस, दोन दिसानं काय व्हतंय. तू दवाखान्यात ऱ्हातीस, मला वाटलं तुला समदं ठावं आसंल."

म्हणजे बघ निलम. मी याडीला अडवलं नाही, कारण मला वाटलं रीतभात याडीला माहीत आहे. मी कधी तीज पेरलीच नाही, माझ्या वयाच्या पोरी टोपल्या घेऊन नाचत होत्या तेव्हा मी नर्सिंगच्या वसतिगृहात होते. आणि याडी निश्चिंत राहिली, कारण तिला वाटलं कॉलेजचं मला माहीत आहे. दोघींनी एकमेकींवर भरवसा ठेवला, आणि मध्ये तू उभी होतीस, चप्पल घालून. आम्हा दोघींपैकी कोणालाच काही माहीत नव्हतं.

याडी पुढे म्हणाली, "दोन रोजासाठी ठिवून घेतली, अन् सालभर तोंड न्हाई दाखवलं तिनं." मग तिनं विसर्जनाची वाट न बघता तुझ्या टोपलीतले कोंब मूठभर उपटले. तसं कोणी करत नाही, पोरी गाणं थांबवून बघत राहिल्या. धुरपताबाई म्हणाली, "तोड. लेकरू शिकाया चाललंय." याडीनं पानात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "मी दिले म्हनून सांगू नको." बाचीच बायको.

मी सांगितलं नाही. तिला वाचवायचं होतं म्हणून नाही. मला वाटलं, तुला आज हे कळलं तर पावती फाडून टाकशील, पुन्हा पुण्याला जाशील. ओटीत आम्ही असंच करतो, केस चालू असताना नातेवाइकांना काही सांगत नाही. पण तू पेशंट नाहीस, आणि मी तुझ्याशी बाहेर उभं राहून बोलत होते.

राणी म्हणाली होती, यंदा करंल की. तू केलंस. तुझं तूच केलंस, आमच्यातल्या एकीच्याही मदतीशिवाय. चार वर्षांनी तू कोणाच्या तरी डोक्याशी उभी राहशील, आणि ते माणूस वर दिव्याकडे बघत तुला विचारील, हा आवाज कशाचा. तू सांगशील. तुझं ते एक वर्ष मात्र आम्ही परत देऊ शकत नाही. तुझ्या बोटांची सालपटं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तू यापुढे माझ्याशी बोलावंस असं मला फार वाटतं, पण ते मागायला आता माझ्याकडे तोंड नाही.

पुडकं माझ्या मांडीवर आहे. कोंब थोडे माना टाकायला लागलेत, मी बाटलीतलं पाणी शिंपडलंय.

गाडी लागली. तू विचारलंस त्याचं उत्तर देते आणि चढते.

चाललं असतं, निलम. कोणीही घातलं असतं तरी चाललं असतं. मी घातलं असतं तरी.

रीता